बल्क कूलर आणि मिल्किंग मशीनसाठी एन्झाइमवालं क्लीनर, ५ लिटरचा कॅन, नऊ महिने वापरून लिहितोय

पाचपैकी साडेतीन स्टार. माल चांगला आहे, कापलेला दीड स्टार तो विकताना जे काय काय सांगितलं त्याचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असला माल आता चार-पाच नावांनी मिळतो, लेबलावरचा मजकूर सगळ्यांचा जवळजवळ सारखाच, आणि एजंट आमच्याच भागातला आहे, उद्या परत चहाला येणार.

आमचा गोठा फलटणच्या बाजूला. १६ एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गायी, दोन बकेटचं मशीन, ५०० लिटरचा बल्क कूलर म्हणजे दूध थंड ठेवायची टाकी, त्यात भावाचं आणि शेजारच्या दोघांचं दूध येतं, सगळं मिळून दिवसाला ४०० लिटरच्या आसपास. म्हणजे मोठ्या डेअरीवाल्यांनी हे वाचून फार उपयोग नाही, त्यांच्याकडे ऑटोमॅटिक सीआयपी (न खोलता आतनं आपोआप धुणारी यंत्रणा) असतं, केमिस्ट असतो. हे आमच्यासारख्या हाताने धुणाऱ्यांसाठी.

गेल्या नोव्हेंबरात भानगड सुरू झाली. फॅट ३.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ च्या वर, म्हणजे कागदावर दूध एक नंबर, पण संकलन केंद्रावर एमबीआरटी, म्हणजे दुधातल्या जंतूंची चाचणी, नीट लागेना. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, दहा मिली दुधात एक मिली निळा रंग टाकून नळी ३७ डिग्रीला ठेवतात, दुधातले जंतू ऑक्सिजन खात जातात तसा निळा रंग उडत जातो, जितका लवकर उडाला तितके जंतू जास्त. पाच तास टिकला तर उत्तम दूध, तीन-चार तास म्हणजे चांगलं, एक-दोन तास म्हणजे कसंबसं, अर्ध्या तासात पांढरं झालं तर ते दूध कुणी घेऊच नये. आमचं आधी चारच्या वर असायचं ते दोनवर आलं. केंद्रावरचा पोरगा म्हणाला तात्या धुता का नाही नीट? डोक्यात गेलं माझ्या. कारण धुण्यात आमच्याकडं कधीच कसूर नसते, बायको रोज दोन्ही टायमाला मशीन धुते, कास्टिक सोडा एक टक्का गरम पाण्यात, आठवड्यातून दोनदा अॅसिड, धारेच्या आधी हायपोचं, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाचं पाणी. स्टील असं चमकतं की तोंड बघून घ्या.

तर मग जंतू येतात कुठनं?

एका रविवारी कूलरचा खालचा व्हॉल्व्ह खोलला. खरं सांगतो, बसवल्यापासून दुसऱ्यांदाच खोलला असेल. आतलं रबरी गॅसकेट स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढलं आणि त्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं तर बोटावर पिवळट बुळबुळीत असं काहीतरी आलं, साय म्हणावी तर साय नाही, लोणी म्हणावं तर लोणी नाही. रांजण बरेच दिवस घासला नाही की आतनं जशी बुळबुळ लागते ना, तश्शी. वास घेतला तर आंबट नव्हता, कडवट, शिळ्या चीजसारखा. कपड्याने पुसलं तर पुसलं गेलं असं वाटलं, पाणी सोडून परत बोट लावलं तर परत बुळबुळ. मिल्किंग क्लस्टरचे (सडांना लावायचा मशीनचा भाग) लायनर, म्हणजे सडांवर बसणाऱ्या रबरी नळ्या, काढून टॉर्च मारला तर तिथं पण रबराला बारीक चिरा आणि चिरांमध्ये तोच पिवळा पट्टा. वरनं सगळं चकाचक आणि आतनं असं. आम्ही आरसा पुसत होतो म्हणायचं.

माझी पुतणी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतीय, दिवाळी उरकून अजून घरीच होती. तिला बोलावून दाखवलं. तिने बघितल्या बघितल्या सांगितलं, तात्या हे बायोफिल्म आहे. मग तिचा क्लासच सुरू झाला, त्यातलं मला जे समजलं ते लिहितो. जंतू दुधात नुसते पोहत फिरत नाहीत, जागा मिळाली की चिकटतात आणि चिकटले की स्वतःभोवती एक चिकट घर बांधतात. त्या घरात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रोटीन असतं आणि मेलेल्या जंतूंमधून बाहेर पडलेला डीएनए पण असतो, तो सुद्धा दोरीसारखा बांधून ठेवायच्या कामी येतो. (डीएनएची ही गोष्ट २००२ साली नीट कळली म्हणे, डीएनए तोडणारं एन्झाइम टाकलं तर कोवळं बायोफिल्म विरघळून जातं असं दिसलं.) घरातल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचता पोचता वरच्या थरातच संपून जातं. म्हणजे आपण हायपो मारतो तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतं, आत कोरडं. आणि दात घासायच्या आधी जिभेला दातांवर जो थर लागतो तो पण हाच प्रकार, लिव्हेनहुक नावाच्या माणसाने १६८३ साली स्वतःच्या दातावरचा तो थर खरवडून भिंगाखाली बघितला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले असं पत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षं झाली माणसाला हे दिसून, आणि मला गॅसकेटखाली दिसायला गेला नोव्हेंबर लागला.

अजून एक तिने सांगितलं ते मला जास्त लागलं. आपण म्हणतो ४ डिग्रीला दूध ठेवलं म्हणजे काळजी मिटली, तर काही जंतू, ती स्यूडोमोनास म्हणाली, थंडीत पण आरामात वाढतात. आणि ते जी एन्झाइम दुधात सोडतात ती पाश्चरायझेशनमध्ये पण मरत नाहीत. जंतू मरतो, त्याचं एन्झाइम मागे राहतं आणि दूध-चीज कडवट करत बसतं. तो कडवट वास त्यातलाच असणार.

आता मालाबद्दल. एजंट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. निळा ५ लिटरचा कॅन, ३२०० रुपये. लेबलवर प्रोटिएज, लायपेज, अमायलेज, लिटरला ५ मिली, पाणी ४५ ते ५० डिग्री, अर्धा तास. एजंटचं म्हणणं, दादा हे एकदा सुरू करा, कास्टिक बंद, अॅसिड बंद, हायपो बंद, जंतू ९९.९ टक्के खल्लास. मी म्हणलं बघू.

एन्झाइम म्हणजे काय ते आपल्याला खरं माहिती असतं, फक्त नाव माहिती नसतं. मटण जून निघालं की आई त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकते ना, तो पपईचा चीक म्हणजे प्रोटिएज, प्रोटीन कापणारी कात्री. लायपेज फॅट कापतं. अमायलेज स्टार्च कापतं, आणि इथं मी पुतणीला विचारलं की दुधात स्टार्च कुठनं आला गं, आमच्यात भेसळ नाही बाई. ती हसली, म्हणाली कंपन्या एकच मिश्रण दवाखान्याला पण विकतात आणि डेअरीला पण, पण अगदीच फुकट नाही, काही जंतूंच्या थरावर अमायलेज पण काम करतं असं प्रयोगात दिसलंय. असो. दुधाच्या थरात मुख्य माल प्रोटीन आणि फॅट, तेव्हा पहिली दोन महत्त्वाची. डीएनए कापणारं एन्झाइम यात नाहीये, लेबलवर कुठं दिसलं नाही, असतं तर मी अजून अर्धा स्टार दिला असता.

पहिली चूक पहिल्याच दिवशी. आमच्याकडं बंबात पाणी तापतं आणि कास्टिकसाठी सत्तरच्या वरच लागतं, त्या सवयीने त्याच कडकडीत पाण्यात २०० मिली ओतलं. ४० लिटर पाणी, निम्मं टबात मशीनच्या पार्टसाठी आणि निम्मं कूलरमध्ये छोट्या पंपाने फिरवायला. अर्धा तास फिरवलं, धुतलं, गॅसकेट काढून बघितलं, बुळबुळ होती तिथंच, तसूभर हलली नव्हती. एजंटला फोन लावून चांगलं बोललो. तो म्हणाला डोस वाढवा. दुसऱ्या वेळी ४०० मिली, पाणी तेच उकळतं, निकाल तोच. ६०० मिली गेलं की मोरीत, म्हणजे ३८४ रुपये.

तिसऱ्या वेळी पुतणी थर्मामीटर घेऊन उभी राहिली. ४८ डिग्री. या वेळी मात्र टबातल्या पाण्याचा रंगच बदलला, आधी पिवळसर पाणी होतं ते अर्ध्या तासात गढूळ झालं आणि त्यात बारीक बारीक पापुद्रे तरंगायला लागले, तांदूळ धुतल्यावर वर कोंडा येतो तसे. गॅसकेटवर बोट फिरवलं तर रबर करकरलं. करकर आवाज! बायको म्हणाली काचेचा ग्लास धुतल्यासारखं लागतंय. मी खूश. एजंटने सांगितलं होतं हायपो बंद, म्हणून हायपो मारलं नाही, साध्या पाण्याने धुवून संध्याकाळची धार काढली.

दुसऱ्या दिवशी एमबीआरटी एक तास. दोनवरनं एकवर!

केंद्रावर दूध परत नाही केलं पण दर कापला आणि चार लोकांत बोलणं झालं ते वेगळं. घरी येऊन मी कॅन उचलून उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. पुतणीने अडवलं. तिचं म्हणणं असं, तात्या तुम्ही घर पाडलं पण आतल्या भाडेकरूंना बाहेर मोकळं सोडलंत, ते गेले दुधात. एन्झाइम जंतू मारत नाही. परत एकदा लिहितो कारण हेच एजंट सांगत नाहीत, एन्झाइम जंतू मारत नाही, नुसता चिकटा तोडतं. मारायचं काम त्याच्या मागोमाग हायपोने नाहीतर पेरासिटिक अॅसिडने करायचं, आणि ते लगेच करायचं, कारण जंतू मोकळे असतात तेव्हाच सहज मरतात, परत कुठंतरी चिकटून घर बांधायला लागले की झालं तुमचं. गंमत म्हणजे जंतूंना स्वतःला बिऱ्हाड हलवायचं असलं की ते पण हेच करतात. तोंडातला एक जंतू आहे तो स्वतःच एक एन्झाइम सोडून आपलं चिकट घर फोडतो आणि पुढच्या दाताकडे निघतो, २००३ साली ते एन्झाइम शोधलं आणि त्याचं नाव डिस्पर्सिन बी ठेवलं. म्हणजे हे औषध आपण शोधलेलं नाहीच, जंतूंचीच कात्री जंतूंवर चालवायची.

त्या संध्याकाळी तिने एक प्रयोग करून दाखवला तो प्रत्येक गोठ्यावर करावा असा आहे, दहा रुपये पण लागत नाहीत. तीन काचेचे ग्लास घेतले. तिन्हीत साधी दूध पावडर, फॅट नसलेली, पाण्यात एकदम पातळ कालवली, इतकीच की ग्लासच्या मागे धरलेलं पेपरातलं अक्षर दिसू नये. तिन्ही ग्लास कोमट पाण्याच्या परातीत ठेवले. एकात काहीच नाही टाकलं. दुसऱ्यात कॅनमधलं एक चमचा टाकलं. तिसऱ्यात पण कॅनमधलंच, पण आधी वाटीत घेऊन गॅसवर उकळून गार केलेलं. आम्ही सगळे ओट्याभोवती, आई पण काठी टेकत आली. पंधरा मिनिटं झाली तरी काही नाही, मी म्हणलं चला चहा करा. चहा होईपर्यंत दुसऱ्या ग्लासातलं दूध फिकट निळसर झालं, मग हळूहळू ग्लासच्या पलीकडची अक्षरं दिसायला लागली, आधी मोठा मथळा आणि मग बारीक ओळी पण. दुधाचं ताकपाणी पण नाही, सरळ पाणीच. पहिला आणि उकळलेला तिसरा, दोन्ही तसेच पांढरे. आई म्हणाली, म्हणजे औषध शिजवून मारलं की रे तू. अगदी बरोबर. सत्तर-पंचाहत्तरच्या पाण्यात ओतून मी पहिल्या दोन वेळी औषध शिजवलं होतं. अंडं एकदा उकडलं की परत कच्चं होत नाही, एन्झाइम पण प्रोटीनच आहे.

त्यानंतर जे बसवलं ते आजपर्यंत चालू आहे. रोजचं कास्टिक-हायपो जसंच्या तसं. एन्झाइम आधी दोनदा करायचो, आता आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळची धार झाल्यावर आणि टँकर गेल्यावर, कूलर रिकामा असतो तेव्हा. आधी कोमट पाण्याने सगळं दूध काढून टाकायचं, चाळीस डिग्रीच्या आसपास, एकदम गरम पाण्याने सुरुवात केली तर दुधाचं प्रोटीन स्टीलला भाजून बसतं. मग गॅसकेट, लायनर, क्लॉ (चारही लायनरचं दूध जिथं एकत्र येतं तो भाग), नळ्या, सगळं खोलून टबात, ४८ डिग्री, पाण्यावर झाकण किंवा गोणपाट म्हणजे अर्धा तास पाणी तग धरतं, थंडीत मध्ये एकदा गरम पाणी वाढवावं लागतं. मऊ ब्रश मारायचा, नुसतं भिजवून सगळं निघत नाही. मग स्वच्छ पाणी. आणि मग हायपो, आमच्याकडं ४ टक्केवालं मिळतं ते लिटरला ५ मिली, म्हणजे २०० पीपीएम, दहा मिनिटं, त्याच्यावर नाही, जास्त वेळ स्टीलवर राहिलं तर डाग आणि खड्डे पडतात. हायपो आणि एन्झाइम एका पाण्यात अजिबात टाकू नका, क्लोरीन आधी एन्झाइमलाच मारतं, दोन्हीचे पैसे वाया.

आणि अॅसिड आणि हायपो तर चुकून पण एकत्र नको, क्लोरीनचा वायू सुटतो, बंद खोलीत जीवावर बेतेल. हे सगळ्यांना माहिती असतं तरी दोन्हीचे कॅन आमच्याकडं शेजारी शेजारीच ठेवलेले होते, आता वेगळे केले.

एमबीआरटी डिसेंबर अखेरीस साडेतीन, जानेवारीपासून चार ते पाचच्या मध्ये. उन्हाळ्यात पण चारच्या खाली आलं नाही, मे मधला एक आठवडा सोडून, त्याचं पुढे सांगतो.

पण इथं खरं बोलायला पाहिजे. मी डिसेंबरातच सगळे लायनर पण बदलले. मशीनवाल्यांचं म्हणणं रबरी लायनर २५०० धारांना बदलावे, आमचा हिशोब एका क्लस्टरला ८ गायी, दोन टाइम म्हणजे दिवसाला १६, म्हणजे पाच महिन्यात बदलायला पाहिजे होते आणि आम्ही ते दीड वर्ष चालवले होते. वर गॅसकेट दर आठवड्याला खोलायला लागलो. तर एमबीआरटी सुधारलं ते औषधाने का नव्या रबराने का खोलून धुतल्याने, हा प्रश्न राहतोच. एजंट अर्थातच सगळं श्रेय औषधाला देऊन शेजारी-पाजारी सांगत फिरला.

म्हणून फेब्रुवारीत तीन आठवडे एक केलं. दोन बकेटपैकी एकाच्या पार्टला रविवारी एन्झाइम, दुसऱ्याला त्याच ४८ डिग्रीच्या साध्या पाण्यात तितकाच वेळ आणि तितकाच ब्रश. दोन्हीचे लायनर नवेच. शेवटी मेडिकलमधनं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, जखम धुवायचं, आणि धुतलेल्या लायनरच्या आत दोन दोन मिली सोडलं. जिथं जंतू बसलेत तिथं त्यांचं कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं आणि फेस येतो. (दुधात पण थोडं कॅटलेज असतं त्यामुळे आधी दूध पूर्ण निघालेलं पाहिजे, नाहीतर उगीच घाबराल. सगळेच जंतू फेस काढत नाहीत ते पण आहे.) साध्या पाण्याच्या लायनरमध्ये वरच्या ओठाच्या खोबणीत पांढऱ्या फेसाची बारीक रांग आली, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे, फुस्स आवाज कान लावला तर येत होता. एन्झाइमवाल्यात चार-दोन बुडबुडे आले आणि थांबलं. तीन आठवड्यात एवढा फरक. ही काय लॅबची टेस्ट नाही, पण माझ्या डोळ्यादेखत झालं म्हणून औषधावर विश्वास बसला. माझ्या अंदाजाने सुधारणेतला निम्मा वाटा खोलून धुण्याचा आणि नव्या रबराचा, उरलेला औषधाचा. ज्याला औषध घ्यायचं नाही त्याने निदान गॅसकेट खोला.

जे होत नाही ते पण सांगतो. दुधाचा दगड याने निघत नाही. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, कूलरच्या पात्याखाली पांढरा खरखरीत थर बसतो तो कॅल्शियमचा, त्याला अॅसिडच पाहिजे. आणि त्या दगडाच्या खरखरीतपणात परत चिकटा धरतो, म्हणजे अॅसिड बंद केलं तर चार महिन्यांनी तुम्ही परत जिथल्या तिथं. तेव्हा 'कास्टिक बंद अॅसिड बंद हायपो बंद' हे जे बोलणं आहे त्याचा एक स्टार मी इथं कापला. जुन्या चिरलेल्या रबरात पण हे फार खोल जात नाही, भावाने लायनर न बदलता नुसतं औषध वापरून बघितलं, महिनाभर बरं आणि मग परत तेच.

अर्धा स्टार यासाठी की लेबलवर फवारणीचं लिहिलंय. स्प्रे पंपात भरून कूलरच्या भिंतींवर मारा, दहा मिनिटांनी धुवा. मी मारलं, कूलरच्या तोंडाशी वाकून, तोंडाला काही न बांधता. संध्याकाळपर्यंत शिंका, घसा खवखव, रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखं. मनगटावर पण लाल चट्टे आले, ते दोन दिवसांनी गेले. कपडे धुवायच्या पावडरीत जेव्हा ही प्रोटिएज नवीन नवीन आली तेव्हा कारखान्यातल्या कामगारांना तिच्या धुळीने दम्याचा त्रास झाला होता, १९६९ मध्ये इंग्लंडातल्या डॉक्टरांनी ते छापलं, आणि तेव्हापासून पावडरीत एन्झाइमचे दाणे वरनं लेप देऊन टाकतात. म्हणजे हे पन्नास वर्षं माहिती असलेलं आहे आणि तरी लेबलवर हातमोजे सोडून कशाचा उल्लेख नाही. फवारू नका. टबात भिजवा नाहीतर पंपाने फिरवा, हातमोजे घाला, दमेकरी माणसाने या कामाला हातच लावू नये. आता आमच्यात बायकोऐवजी रविवारी मीच धुतो, तिला धुळीची अॅलर्जी आहे.

मे मधला तो आठवडा. दुसरा कॅन मार्चच्या सुरुवातीला घेतला आणि ठेवला कुठं, तर पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला. आमच्याकडं उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या पुढे जातं, पत्र्याखाली तर हात लावला तर भाजतं. एमबीआरटी साडेतीनवर आलं तसा मी कॅनकडं संशयाने बघितलं, दूध पावडरचा ग्लास केला, तर डिसेंबरात पाऊण तासात जे पाणी झालं होतं त्याला दोन तास लागले. औषध मेलं नव्हतं पण म्हातारं झालं होतं. मग चार आठवडे २०० च्या जागी ३०० मिली टाकून काम भागवलं आणि कॅन जिन्याखाली हलवला. दुकानातनं घेताना पण बघून घ्या कॅन उन्हात तर नव्हता ना, आणि घरी आणल्यावर पहिलं काम ग्लासची टेस्ट. मी तर आता दुकानातच एक वाटी मागणार आहे.

खर्च म्हणाल तर ५ लिटरमध्ये आमच्या २५ वेळा होतात, म्हणजे एका वेळेला १२८ रुपये, आठवड्यातून एकदा म्हणजे महिन्याला पाचशे-साडेपाचशे. ४०० लिटर दुधाला हे काहीच नाही, दर एकदा कापला तर एका दिवसात जास्त जातात. पण ज्याच्या दोन-तीन गायी आहेत आणि हाताने धार काढून स्टीलच्या कॅनमधनं दूध घालतो त्याने हे घ्यायची गरज मला तरी वाटत नाही. त्याच्याकडं रबर कमी, खोबण्या कमी, कॅनच्या झाकणाचं रबर तेवढं काढून घासलं आणि भांडं वाळवलं तरी बास.

वाळवण्यावरनं आठवलं. आई मला सुरुवातीपासून म्हणत होती की तुम्ही भांडी ओली ठेवता. तिच्या काळात दुधाची चरवी राखेने घासून पालथी करून उन्हात ठेवायची, संध्याकाळी धारेला घेताना ती हाताला गरम लागायची. पुतणीला विचारलं तर म्हणाली आजीचं बरोबर आहे, ओल नसेल तर बायोफिल्म वाढतच नाही. आता बकेट, क्लॉ आणि झाकणं धुवून झाल्यावर तारेच्या रॅकवर उलटी टांगतो, पावसाळ्यात ऊन नसलं तर पंखा लावतो. रबर मात्र उन्हात ठेवायचं नाही, चिरतं. आईला हे पटत नाही, तिने दोनदा लायनर गच्चीवर नेऊन वाळत घातले.

कॅनच्या तळाला अर्धा लिटर उरलंय, म्हणजे दोन रविवार. तिसरा घेणार आहे पण एजंटला सांगितलंय की एक लिटरच्या पॅकमध्ये दे, म्हणजे उन्हाळ्यात सडायचा प्रश्न नाही. तो म्हणाला कंपनी देत नाही, दादा तुम्ही पाच घ्या, मी थर्मामीटर फ्री देतो. डिसेंबरात दिला असता तर माझे ३८४ रुपये वाचले असते की रे.